प्राण्यांच्या वागण्यावरची पुस्तकं वाचायला घ्यायचीत? मग इथून सुरुवात करा

हा विषय आवडतो त्यातले बरेच जण थेट रिचर्ड डॉकिन्सचं 'द सेल्फिश जीन' उचलतात, कारण नाव सगळीकडून कानावर आलेलं असतं. पुस्तक जबरदस्त आहे, त्याबद्दल वादच नाही. पण पहिलंच म्हणून हातात घेतलं की होतं असं, की लेखक ज्या वागण्याचा उलगडा करतोय ते वागणं आपण कधी नीट बघितलेलंच नसतं, ना डोळ्यांनी ना कुठल्या पानावर, त्यामुळे उत्तर मिळतं पण कोडं काय होतं तेच माहीत नसतं. मीही तिथूनच सुरुवात केली होती आणि अर्ध्यात सोडून दिलं होतं, मग दुसऱ्या टोकाने शिरलो तेव्हा गाडी रुळावर आली. ज्यांचा जीवशास्त्राशी संबंध शाळेनंतर सुटलाय त्यांच्यासाठी तोच क्रम इथे लिहितोय.

पायरी १: आधी एक प्राणी आणि त्याला बघणारा एक माणूस

पहिलं पुस्तक असं निवडा ज्यात कुणीतरी एकाच प्राण्याच्या मागे वर्षानुवर्षं लागलाय. सिद्धांत नको, 'प्राणीजगतातली १०० आश्चर्यं' टाईपचं पुस्तक तर अजिबात नको, त्यात प्रत्येक प्राण्याला अर्धं पान मिळतं आणि हाती काही लागत नाही.

माझी पहिली शिफारस निको टिनबर्गनचं 'क्यूरियस नॅचरलिस्ट्स' (१९५८). त्यात मधमाश्यांची शिकार करणारी एक गांधीलमाशी आहे, वाळूत बीळ खणून एकटी राहणारी. एका मैदानात अशी शेकडो बिळं, सगळी सारखीच दिसणारी, आणि तरी प्रत्येक माशी शिकार घेऊन बरोब्बर स्वतःच्याच बिळावर उतरते. टिनबर्गनने काय केलं, माशी बिळात असताना बिळाभोवती पाईनच्या सुक्या फळांचं कडं मांडलं. माशी बाहेर आली, वर घिरट्या घातल्या आणि निघून गेली. ती गेल्यावर त्याने ते कडं उचलून फूटभर बाजूला तसंच्या तसं मांडलं. माशी मधमाशी पकडून परत आली ती थेट कड्याच्या मधोमध उतरली, जिथे बीळ नव्हतंच! कडं परत मूळ जागी ठेवलं की बीळ लगेच सापडायचं. म्हणजे जाण्याआधीच्या त्या घिरट्यांमध्ये ती आजूबाजूच्या खुणा पाठ करत होती. मग त्याला शंका आली, वासावरून तर ओळखत नसेल? तर वासाची वेगळी परीक्षा. मग पुढची शंका, फळं ओळखते की त्यांचा गोल आकार? तर दगडांचा गोल एकीकडे आणि फळांचा त्रिकोण दुसरीकडे, आणि माशी गेली दगडांच्या गोलाकडे.

यात महागडं यंत्र कुठेच नाही. एक शंका, ती मिटवायला एक छोटी युक्ती, त्यातून नवी शंका, बस. ही लय एकदा डोक्यात बसली की पुढची सगळी पुस्तकं सोपी जातात म्हणून मी हे पहिलं सांगतो.

नवीन काळातलं हवं असेल तर टॉमस सीलीचं 'हनीबी डेमोक्रसी' (२०१०). मोहोळ उठतं आणि हजारो माश्या एखाद्या फांदीला लटकून राहतात, तेव्हा नवीन घर ठरवतं कोण, एवढा एकच प्रश्न आणि त्यावर पूर्ण पुस्तक. टेहळणीला गेलेल्या माश्या परत येऊन नाच करतात, जागा जितकी चांगली तितका जास्त वेळ, आणि वेगवेगळ्या जागांचे 'प्रचारक' एकाच थव्यावर एकमेकांसमोर नाचत असतात. जागेची नीट परीक्षा घेता यावी म्हणून सीली माश्यांना घेऊन अशा बेटावर गेला जिथे राहण्यालायक झाडंच जवळपास नाहीत, म्हणजे त्याने ठेवलेल्या खोक्यांशिवाय त्यांना पर्यायच उरला नाही. माश्यांना साधारण ४० लिटरची पोकळी आणि लहान तोंड आवडतं हे अशा खोक्यांचे आकार बदलून बदलून कळलंय.

यातलं कुठलंही एक घ्या. दोन्ही एकदम नको.

पायरी २: चार प्रश्न एका कागदावर लिहून पुस्तकात ठेवा

माझ्या मते या विषयात शिरायची किल्ली हीच आहे, त्यामुळे इथे थोडा वेळ काढा. १९६३ साली टिनबर्गननेच मांडलं की 'हा प्राणी असं का वागतो?' हा एक प्रश्न नसून चार आहेत. आत्ता या क्षणी हे वागणं कशामुळे सुरू झालं? या प्राण्याच्या आयुष्यात ते कसं घडत गेलं, उपजत किती आणि शिकलेलं किती? जगायला आणि पिल्लं वाढवायला त्याचा उपयोग काय? आणि पूर्वजांपासून उत्क्रांत होत ते इथवर कसं पोचलं?

कोरडं वाटतंय ना, म्हणून त्याचंच एक उदाहरण घेऊ. काळ्या डोक्याचा कुरव पक्षी जमिनीवर घरटं करतो. अंड्यातून पिल्लू बाहेर आलं की आई किंवा बाप रिकामं कवच चोचीत धरून लांब नेऊन टाकतात. वर्षातून काही सेकंदांचं काम. पण तेवढ्यात घरटं उघडं पडतं, मग हा धोका पत्करायचा कशाला? टिनबर्गन आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी अंडी मोकळ्यावर मांडली, काहींच्या शेजारी फुटकं कवच ठेवलं आणि काहींच्या नाही. कवच शेजारी असलेली अंडी कावळ्यांना जास्त सापडली. अंडं बाहेरून मातीत मिसळून जाणाऱ्या रंगाचं, पण कवच आतून पांढरं, ते दुरून चमकतं. झालं, उपयोगाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

मग कवच ताबडतोब का नाही टाकत, पिल्लू वाळेपर्यंत का थांबतात? कारण शेजारचे कुरव ओलं पिल्लू पटकन गिळतात. पिसं वाळून पिल्लू फुललं की गिळणं अवघड. म्हणजे कावळ्याची घाई एकीकडे आणि शेजाऱ्याची भीती दुसरीकडे, त्यातून ती वेळ ठरलीय. आणि पक्ष्याला 'हे टाकायचं' हे कळतं कसं? तो काही मनात कावळ्याचा विचार करत नाही, पातळ कड असलेली पोकळ वस्तू घरट्यात दिसली की ती उचलायची, असं काहीसं. तो झाला पहिला प्रश्न.

आणि चौथा? वागण्याचे जीवाश्म फारसे मिळत नाहीत, त्यामुळे इतिहास शोधायचा तर नातेवाईक तपासावे लागतात. याच कुरवांचा एक भाईबंद, किटिवेक, उभ्या कड्यांच्या अरुंद कपारींवर घरटं करतो जिथे शिकारी पोचणं मुश्किल. तो कवच टाकतच नाही, तसंच पडू देतो. जमिनीवरचे बाकीचे कुरव टाकतात. म्हणजे कड्यावर राहायला गेल्यावर ही सवय सुटली असं मानायला जागा आहे.

हे चार प्रश्न कागदावर असले की वाचताना लगेच कळतं लेखक कुठल्याचं उत्तर देतोय. आणि हेही कळतं की दोन लेखक भांडतायत असं वाटतं तिथे बऱ्याचदा एक जण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत असतो आणि दुसरा तिसऱ्याचं. 'पक्षी गातो कारण दिवस मोठा झाला की त्याच्या शरीरात हार्मोन वाढतात' आणि 'पक्षी गातो कारण त्यामुळे जोडीदार मिळतो', दोन्ही बरोबर, आणि एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

पायरी ३: पेन्सिल घ्या आणि समासात लिहा, 'हे कसं कळलं?'

प्रत्येक मोठ्या दाव्याशेजारी हे तीन शब्द लिहायची सवय लावून घ्या. उत्तर पुढच्या पानांत मिळालं तर खूण करा, नाही मिळालं तर ते वाक्य उधारीवर आहे असं समजा. हे का करायचं ते एका गोष्टीवरून सांगतो.

फ्रान्सचा ज्यां-आंरी फाब्र, १८७९ ते १९०७ या काळात कीटकांवर दहा खंड लिहिले त्याने. त्यात रातकिड्यांची शिकार करणारी एक गांधीलमाशी आहे. ती रातकिडा ओढत बिळाच्या तोंडाशी आणते, तिथे ठेवते, एकटी आत जाऊन बघून येते आणि मगच रातकिडा आत ओढते. ती आत गेली की फाब्र रातकिडा थोडा लांब सरकवायचा. माशी बाहेर यायची, रातकिडा परत तोंडाशी आणायची आणि पुन्हा आत बघायला जायची. परत सरकवला, परत तेच. चाळीस वेळा केलं त्याने हे. ही गोष्ट पुढे असंख्य पुस्तकांत आली, 'कीटक म्हणजे नुसती चावी दिलेली खेळणी' याचा पुरावा म्हणून.

पण फाब्रने पुढे जे लिहिलंय ते या पुस्तकांतून गळालं. दुसऱ्या एका वसाहतीतल्या त्याच जातीच्या माश्यांवर त्याने तोच प्रयोग केला तर त्या दोन-तीनदाच फसल्या, आणि मग रातकिडा सरळ धरून आत घेऊन गेल्या, बघायला न जाता. म्हणजे चित्र पूर्ण बदललं की! आणि मूळ माणसाने काहीच लपवलेलं नव्हतं, पुढच्यांनी सोयीचा अर्धा भाग उचलला आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आधी वाचलेल्या पुस्तकांची पानं परत उलटून बघत बसलो होतो, आणि तेव्हापासून पेन्सिल कधी सोडली नाही.

फाब्र वाचाच. त्याचे खंड इंग्रजीत कीटकांनुसार वेगवेगळ्या पुस्तकांत आलेत आणि जुने अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतात. एक लक्षात ठेवा, डार्विनने त्याला अतुलनीय निरीक्षक म्हटलं तरी फाब्रने स्वतः उत्क्रांती शेवटपर्यंत मान्य केली नाही, त्यामुळे त्याचं निरीक्षण घ्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे शोधू नका.

पायरी ४: शब्दांना अडखळा

या विषयात शब्द फार चकवतात. 'राणी' हाच शब्द बघा. वाचला की सिंहासन आणि हुकूम आठवतात, पण मुंग्यांची किंवा मधमाश्यांची राणी कुणाला कामं वाटून देत नाही, ती अंडी घालते. राघवेंद्र गदगकरांनी रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीचा अनेक दशकं अभ्यास केला, तिची राणी तर इतकी शांत असते की नुसतं बघून ओळखूच येत नाही. तिला पोळ्यावरून काढलं की एक कामकरी माशी अचानक प्रचंड आक्रमक होते, आणि राणीला परत ठेवलं नाही तर तीच पुढची राणी होते आणि मग हळूहळू शांत होत जाते. त्यांचं 'सर्व्हायव्हल स्ट्रॅटेजीज' (१९९७) छोटं आणि नवीन वाचकाला पेलेल असं आहे, सहकार्य आणि भांडण दोन्ही एकाच घरट्यात कसं नांदतं ते त्यात छान आलंय. पहिल्या पुस्तकानंतर दुसरं म्हणून हे घ्या असं मी सांगेन.

दुसरा फसवा शब्दप्रयोग म्हणजे 'प्रजातीच्या भल्यासाठी'. जुन्या पुस्तकांत सर्रास सापडतो, कॉनरॅड लॉरेंझच्या लिखाणात पण. लॉरेंझ, टिनबर्गन आणि मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडणारा कार्ल फॉन फ्रिश या तिघांना १९७३ साली नोबेल मिळालं, त्यामुळे माणूस थोर आहे म्हणून वाक्यही खरं असं वाटू शकतं. पण १९६० च्या दशकात हा विचार मागे पडला. निवड होते ती ज्यांची पिल्लं जास्त जगतात त्यांच्या बाजूने, प्रजातीकडे बघून कुणी वागत नाही. सारा हर्डीने अबूच्या लंगुरांवर जे काम केलं ते इथे वाचण्यासारखं आहे. टोळीवर नवीन नर आला की तो कधीकधी आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारतो, आणि माद्या लवकर परत माजावर येतात. प्रजातीचं यात कसलं भलं? त्या नराच्या वंशाचा मात्र फायदा. वाचायला जड जातं हे प्रकरण, पण टाळू नका.

(लॉरेंझचं 'किंग सॉलोमन्स रिंग' गोड पुस्तक आहे, बदकं आणि हंसांच्या पिल्लांमागे लहान मुलासारखा रमलेला माणूस दिसतो. तो १९३८ मध्ये नाझी पक्षात सामील झाला होता हेही माहीत असू द्या, त्या काळातलं त्याचं काही लिखाण त्या विचारांनी डागाळलेलं आहे.)

पायरी ५: आता सिद्धांत

आता 'द सेल्फिश जीन' (१९७६) उघडा. पण त्याआधी एक संध्याकाळ डार्विनसाठी काढा. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या १८५९ च्या पहिल्या आवृत्तीतलं सातवं प्रकरण उपजत वागण्यावर आहे, तेवढंच वाचा. कामकरी मुंग्या पिल्लं घालत नाहीत, मग त्यांचे गुण पुढच्या पिढीत जातात कसे, हा प्रश्न त्याने स्वतःच्या सिद्धांतासमोर स्वतःच ठेवलाय. जीन हा शब्दही तेव्हा नव्हता, तरी निवड कुटुंबावर होऊ शकते इथपर्यंत तो पोचला.

१९६४ मध्ये विल्यम हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने त्या विचाराला गणित दिलं. साधं करून सांगायचं तर, नात्यातल्या कुणाला मदत केल्याने त्याचा होणारा फायदा गुणिले नात्याची जवळीक, हे माझ्या नुकसानापेक्षा जास्त भरलं तर मदत करायची वृत्ती टिकेल आणि पसरेल. डॉकिन्सचं पुस्तक मोठ्या प्रमाणात हाच विचार उलगडून सांगतं. 'सेल्फिश' हा शब्द जीनपुरताच आहे, प्राणी स्वार्थी असतो असं त्यात म्हटलेलं नाही, उलट प्राणी एकमेकांना मदत का करतात हेच त्यात समजावलंय.

एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो. मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्यांमध्ये नर निषेचन न झालेल्या अंड्यातून येतो, त्यामुळे सख्ख्या बहिणींचं नातं, म्हणजे सारख्या जीनचा वाटा, ३/४ होतो आणि स्वतःच्या मुलीशी १/२. 'म्हणून त्या बहिणींना वाढवतात' असं बरीच पुस्तकं सांगतात आणि तिथेच थांबतात. पण मधमाश्यांची राणी दहा-बारा किंवा त्याहून जास्त नरांशी मीलन करते, मग बहिणी बऱ्याचशा सावत्र झाल्या. आणि वाळवीत तर नर-मादी दोघांचीही गुणसूत्रं आपल्यासारखीच जोडीने, ३/४ चा प्रश्नच नाही, तरी वाळवीची वसाहत केवढी! हॅमिल्टनचा नियम त्याने कोसळत नाही, ३/४ हा सगळ्याचा खुलासा नाही एवढंच. पुस्तक ३/४ वर थांबलं तर समासात तोच प्रश्न, 'हे कसं कळलं?' आणि हा वाद थंड पडलेला नाही, २०१० मध्ये मुंग्यांचा अभ्यासक एडवर्ड विल्सन आणि दोन गणिती सहकाऱ्यांनी या विचारावरच हल्ला चढवला तेव्हा १०० हून जास्त शास्त्रज्ञांनी सह्या करून उत्तर दिलं.

पायरी ६: उत्क्रांती चालू असताना बघा

उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षं, असं डोक्यात पक्कं असतं, म्हणून हवाईच्या काउआई बेटावरचे रातकिडे शोधून वाचा. नर पंख घासून गातो आणि मादीला बोलावतो. पण तेच गाणं एक परजीवी माशी ऐकते आणि त्याच्यावर अळ्या सोडते, त्या आतून त्याला खातात. मार्लीन झुकच्या गटाला दिसलं की बेटावरचे बहुतेक नर मुके झालेत, पंखाची रचनाच बदललीय, आणि हे साधारण २० पिढ्यांत झालं. मग मुक्या नराला मादी मिळते कशी? जे थोडे अजून गातात त्यांच्या आसपास जाऊन बसतो. पंख बदलला तो नवा, पण गाणाऱ्याजवळ जायची सवय आधीपासून असावी, तीच आता कामी आली. वागणं आणि शरीर एकमेकांना कसं सांभाळून घेतात ते इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं.

पायरी ७: पाठ्यपुस्तक

घाई नको, तीन-चार पुस्तकं झाल्यावर. जॉन अल्कॉकचं 'अॅनिमल बिहेवियर' किंवा क्रेब्स आणि डेव्हिस यांचं बिहेवियरल इकॉलॉजीवरचं, म्हणजे वागणं आणि परिसर यांच्या नात्यावरचं. जुनी आवृत्ती मिळाली तरी पाया पक्का करायला चालते. पहिल्या पानापासून वाचू नका, ज्या प्राण्याबद्दल आधी वाचलंय त्याचं नाव मागच्या सूचीत शोधा आणि ते पान उघडा. माणसावरचं प्रकरण सगळ्यात शेवटी. विल्सनच्या 'सोशिओबायॉलॉजी'त (१९७५) माणसावर एकच प्रकरण होतं, शेवटचं, आणि सगळं रान पेटलं ते त्यावरून, ते का पेटलं हे आधीचं वाचल्याशिवाय नीट कळणार नाही.

पायरी ८: वही

ही पायरी शेवटी लिहिलीय पण सुरू पहिल्याच आठवड्यात करा. मुंग्यांची एक रांग शोधा. दहा मिनिटं फक्त बघा आणि लिहा, अर्थ न लावता. 'मुंगी घाबरली' असं नाही, 'मुंगी थांबली, मिशा हलवल्या, उलटी वळली' असं. मग रांगेच्या एका ठिकाणी ओल्या बोटाने आडवी रेघ पुसा आणि घड्याळ लावा. पहिली मुंगी रेघेशी काय करते, किती जणी परत फिरतात, पहिली पलीकडे जाणारी कितव्या मिनिटाला जाते, त्यानंतर बाकीच्या तिथूनच जातात की दुसरीकडून. आता मुंग्या ज्या वासाच्या मागे चालतात तो तुम्ही पुसलात म्हणून हे झालं, की नुसतं ओलं झालं म्हणून? मग दुसऱ्या दिवशी, पुसलेल्या जागेपासून लांब, रांगेच्याच वाटेवर कागदाची पट्टी आधीच टाकून ठेवा, मुंग्या तिच्यावरून जायला लागल्या की ती पट्टी कोरडीच उचलून आडवी फिरवा, आणि परत घड्याळ लावा. दोन्ही दिवसांचे आकडे शेजारी शेजारी लिहा, खाली चार प्रश्न लिहून कुठल्याला हात लागला त्यावर गोल करा, आणि ते पान समोर उघडं ठेवून मग पुस्तकातलं मुंग्यांचं प्रकरण वाचायला घ्या.